गाडीवरचे खाणे आणि मासळीची पारख

पालघर तालुक्यातील मुरबे गावातून मुंबईत नोकरीला जायचे, तर उजाडण्याच्या आत घर सोडावे लागते. आधी बोईसर किंवा पालघर स्थानक गाठायचे, मग मिळेल ती गाडी, बरेचदा विरारला बदल, आणि पुढे अंधेरी, दादर किंवा चर्चगेट. २०१३ मध्ये उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागली, त्यामुळे गाड्या वाढल्या. अंतर मात्र तेवढेच राहिले. बोईसर ते चर्चगेट म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर. जाऊन-येऊन दिवसाचे बारा-चौदा तास घराबाहेर जातात आणि त्यात निदान एक, बरेचदा दोन वेळचे खाणे स्टेशनबाहेरच्या गाडीवर होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्यांचीही गोष्ट वेगळी नाही. कारखान्याच्या फाटकासमोरची टपरी हेच त्यांचे उपाहारगृह.

अशा माणसाला ‘बाहेरचे खाऊ नका’ हा सल्ला देऊन काही उपयोग नसतो. पंधरा मिनिटांत, तीस-चाळीस रुपयांत पोट भरायचे असते. त्यात आजारी पडले, की रोजंदारीवर असणाऱ्याचा पगार कापला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक दूषित अन्नामुळे आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मृत्युमुखी पडतात. तेव्हा खरा प्रश्न आहे तो चांगली गाडी कशी ओळखायची, हा.

गंमत अशी, की या प्रश्नाचे निम्मे उत्तर मुरबे, सातपाटीसारख्या किनाऱ्यावरच्या घरांना आधीपासून ठाऊक आहे. मासळी जाळ्यातून निघाली की तिला ताबडतोब बर्फात घालायचे, नाही तर खारवून-वाळवून ठेवायचे, नाही तर लगेच शिजवून गरम खायचे. यातले काहीच न करता ती तशीच ठेवली, तर दुपारपर्यंत गेली. थंड, कोरडे किंवा कढत : अन्न टिकवण्याचे हे तीन जुने मार्ग. गाडीवरचा प्रत्येक पदार्थ याच कसोटीवर पाहता येतो.

पाच ते साठ अंश : धोक्याचा पट्टा

अन्नातून विषबाधा करणारे बहुतेक जिवाणू ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात वाढतात. त्याखाली ते मंदावतात, त्यावर तग धरत नाहीत. मुंबईची हवा वर्षभर या पट्ट्याच्या ऐन मध्यावर असते. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे सकाळी सात वाजता एक जिवाणू असेल, तर हिशेबाने दुपारी दोनपर्यंत त्याचे वीस लाखांहून अधिक होतील. प्रत्यक्षात वाढ इतकी सरळ होत नाही, पण अंदाज यावा. म्हणूनच शिजवलेले अन्न बाहेरच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता वडापावची गाडी पाहा. गिरणगावातील कामगार आणि धावपळीतला लोकलचा प्रवासी यांना उभ्या-उभ्या खाता येईल असा हा पदार्थ दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी विकायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. वडा तळताना तेलाचे तापमान पावणेदोनशे अंशांच्या आसपास असते. तुमच्यासमोर कढईतून निघालेला, हातात धरवत नाही असा वडा जंतूंच्या दृष्टीने मुंबईतील सर्वांत निर्धोक पदार्थांपैकी एक आहे. तोच वडा परातीत तासन् तास निवत पडला असेल, तर गोष्ट बदलते.

म्हणून पहिला नियम गर्दीचा. जिथे घाणा सतत निघतो आणि लगेच संपतो, तिथे पदार्थाला निवायला वेळच मिळत नाही. दुपारी चार वाजता ओस पडलेल्या चांगल्या गाडीपेक्षा सकाळी नऊ वाजता रांग लागलेली साधी गाडी बरी. पोह्यांचे तसेच आहे. सकाळी वाफाळणारे पोहे उत्तम, अकरा वाजता पातेल्याच्या तळाशी राहिलेले कोमट पोहे टाळावेत. मिसळ घेताना उसळ आणि कट शेगडीवर उकळत आहेत का, ते पाहावे. अंडा भुर्जी आणि डोसा समोर तव्यावर होतात, हा त्यांचा मोठा फायदा. ओल्या नारळाची चटणी मात्र उन्हाळ्यात काही तासांत आंबते. ती चाखताना थोडा जरी आंबूस वास आला, तर बाजूला सारावी.

घरचा डबा आपोआप सुरक्षित होत नाही

इथे एक समजूत तपासून पाहायला हवी. पहाटे साडेचारला भरलेला डबा दुपारी एकला उघडला, तर मध्ये साडेआठ तास गेलेले असतात. गरम भात आणि कालवण घट्ट झाकणाच्या डब्यात भरले, की ते हळूहळू निवते आणि बराच काळ धोक्याच्या पट्ट्यात राहते. गच्च भरलेल्या लोकलमधली उष्णता त्यात भर घालते. अशा डब्यापेक्षा समोर तळलेला वडा जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित असू शकतो.

याचा अर्थ डबा नेऊ नये असा नाही, डब्यात काय न्यावे याचा विचार करावा असा आहे. ज्यात पाणी कमी, ते टिकते. तांदळाची भाकरी, सुकी भाजी, शेंगदाण्याची किंवा जवळ्याची सुकी चटणी हे पदार्थ दुपारपर्यंत चांगले राहतात. बोंबील वाळवल्यावर महिनोन् महिने टिकतो, कारण जिवाणूंना वाढायला लागणारे पाणी त्यात उरलेले नसते. चटणीमागचे शास्त्रही तेच. (डब्याचे झाकण कुठे उघडायचे, हे सहप्रवाशांकडे पाहून ठरवावे.) भात-आमटी न्यायचीच असेल, तर उष्णता धरून ठेवणारा डबा घ्यावा आणि त्यात अन्न उकळते असतानाच भरावे.

गरम केले तरी जात नाही ते

‘परत गरम केले की झाले’ ही समजूत अनेक गाड्यांवर आणि अनेक घरांतही असते. जिवाणू मरतात हे खरे, पण काही जिवाणूंनी आधीच अन्नात सोडलेले विष उष्णतेला दाद देत नाही.

चायनीजच्या गाडीवरचा भात हे त्याचे ठळक उदाहरण. बॅसिलस सेरेअस नावाचा जिवाणू तांदळात बीजाणूंच्या रूपात असतो. हे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. सकाळी शिजवलेला भात उघड्यावर ठेवला, की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. संध्याकाळी तो भात मोठ्या आचेवर कढईत परतला, ज्वाळा वर उडाल्या, तरी ते विष तसेच राहते. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. हातावरच्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात येणाऱ्या स्टॅफिलोकोकस या जिवाणूचे विषही असेच चिवट असते.

मासळीच्या बाबतीत हे किनारपट्टीने विशेष लक्षात ठेवावे. बांगडा, तारली, कुपा यांसारखा मासा बर्फाशिवाय राहिला, तर जिवाणू त्याच्या मांसातील एका घटकापासून हिस्टामिन तयार करतात. मग तो कितीही कुरकुरीत तळा, हिस्टामिन जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगाला खाज सुटते, छातीत धडधडते. लोकांना वाटते, माशाची अ‍ॅलर्जी आली. प्रत्यक्षात दोष बर्फाच्या अभावाचा असतो. शहरातील गाडीवर तळलेला मासा घेताना कच्चा मासा कशात ठेवला आहे, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे. मसाला लावून ताटात मांडून ठेवलेल्या तुकड्यांखाली बर्फ नसेल, तर दुसरे काही खावे. मसाल्याखाली माशाचा वास आणि रंग झाकला जातो, ही गोष्ट मासळी बाजारात वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

पाणी, बर्फ आणि हिरवी चटणी

अनेकदा दोष मुख्य पदार्थाचा नसतो, त्याच्या सोबतीला येणाऱ्या गोष्टींचा असतो. वडा उकळत्या तेलातून आला, पण त्यावरची हिरवी चटणी कच्च्या कोथिंबिरीची आणि बादलीतल्या पाण्याची. टोस्ट सँडविच बाहेरून कडक भाजले, तरी आतली काकडी, टोमॅटो आणि सकाळी उकडून कापलेला बटाटा कोमटच राहतो. पाणीपुरीचे आंबट पाणी जंतू मारते, असे काही जण मानतात. आंबटपणाने अनेक जिवाणूंची वाढ मंदावते, पण दूषित पाण्यातून आलेले सगळे जंतू चिंचेने किंवा लिंबाने मरत नाहीत. विक्रेता शुद्ध पाण्याचा जार वापरतो का आणि पाण्यात हात बुडवतो की डावाने वाढतो, या दोन गोष्टी पाहिल्या तरी पुष्कळ कळते.

बर्फाने जंतू मरतात, हाही गैरसमज. गोठल्याने ते फक्त थांबतात. सरबतात बर्फ विरघळला, की ते पुन्हा जागे. मासळीसाठी लागणारा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असे नाही आणि तो पेयांत वापरला जाऊ नये यासाठी २०१८ मध्ये महाराष्ट्रात अखाद्य बर्फ निळसर रंगवण्याचा नियम लागू झाला. सरबताच्या किंवा उसाच्या रसाच्या गाडीवर निळसर झाक असलेला बर्फ दिसला, तर तिथून निघावे. बर्फ पांढरा असला, तरी तो गोणपाटात गुंडाळून जमिनीवर ठेवलेला असेल, तर ‘बिनबर्फाचा द्या’ म्हणावे. शहाळे हा त्याहून चांगला पर्याय. आतले पाणी बंदिस्त असते, फक्त कोयता आणि स्ट्रॉ स्वच्छ असावी.

दूषित पाण्याचे परिणाम किती दूर जाऊ शकतात, हे जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात दिसले. सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे अनेक रुग्ण एकाएकी आढळले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. हा जिवाणू दूषित पाण्यातून तसा अर्धकच्च्या चिकनमधूनही पोटात जातो. बहुतेकांना त्यामुळे फक्त जुलाब होतात. क्वचित एखाद्याच्या शरीरातील प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. गाडीवरचे तंदुरी किंवा रोलमधले चिकन आत गुलाबी दिसले, तर ते परत करण्यात संकोच वाटू देऊ नये.

तेल आणि कागद

जंतूंचा त्रास लगेच जाणवतो, तेलाचा हळूहळू. तेच तेल पुन्हापुन्हा तापवले, की त्यात ध्रुवीय संयुगे वाढत जातात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून यावर मर्यादा घातली आहे : ही संयुगे २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाली, की ते तेल स्वयंपाकासाठी वापरायचे नाही. ग्राहकाकडे मोजण्याचे यंत्र नसते, पण डोळे आणि नाक असते. तेल काळपट आणि दाट झाले आहे, वर फेस टिकून राहतो, भरपूर धूर निघतो, घशाला खवखव होते, अशा वेळी दुसरी गाडी शोधावी.

वर्तमानपत्राच्या कागदात गरम भजी गुंडाळून देणेही या प्राधिकरणाने बंद करायला सांगितले आहे. छपाईच्या शाईतील रसायने गरम आणि तेलकट पदार्थात सहज उतरतात. तुमच्या हातातला हा अंकसुद्धा वाचून झाल्यावर रद्दीत द्यावा, वड्याखाली ठेवू नये. विक्रेत्याकडे कोरा कागद नसेल, तर आपल्या पिशवीतला छोटा डबा पुढे करावा. रोजच्या गिऱ्हाइकाचे असे ऐकले जाते.

पोट भरले, पण अंगी लागले का?

सुरक्षित खाणे ही निम्मी बाजू झाली. वडापाव म्हणजे मैदा, बटाटा आणि तेल. ऊर्जा भरपूर, पण प्रथिने आणि चोथा कमी. त्यामुळे तासा-दीड तासात पुन्हा भूक लागते आणि दुसरा वडापाव किंवा गोड चहा-बिस्किटे पोटात जातात. बैठे काम करणाऱ्याचे वजन आणि रक्तशर्करा अशीच वाढत जाते. त्यातच पापड, फरसाण, सॉस आणि मिठात बुडवलेली मिरची. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चमचाभरापेक्षा, कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

भारतीय शिफारशींनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला साधारण पन्नास ग्रॅम. गाडीवरच्या खाण्यातही ती मिळू शकतात. एका उकडलेल्या अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि सोलेपर्यंत ते स्वतःच्या कवचात बंद असते. भाजलेले चणे किंवा शेंगदाणे मूठभर घेतले, तरी जवळपास तेवढीच मिळतात. शिवाय ते कोरडे असल्याने जंतूंचा धोकाही कमी. दोन वडापावऐवजी एक वडापाव, एक उकडलेले अंडे आणि एक केळे हे जेवण फारसे महाग पडत नाही आणि जास्त वेळ टिकते. शाकाहारी माणसाने मटकीच्या उसळीची मिसळ फरसाण कमी सांगून घ्यावी. इडली-सांबारात सांबार जास्त मागून घ्यावे.

फळ घ्यायचे, तर साल काढून खाता येणारे घ्यावे. कापून ठेवलेल्या पपई-कलिंगडाच्या डिशवर माशी, हात आणि धूळ या तिघांचा हक्क असतो. केळे आणि संत्रे आपले वेष्टन सोबत घेऊन येतात. आपल्या भागात डहाणू-घोलवडचे चिकू मिळतात. सकाळी पिशवीत टाकलेले दोन चिकू संध्याकाळच्या लोकलमध्ये भजीच्या पुड्याला चांगला पर्याय ठरतात. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र ते बेताने खावेत.

आजाराचा दोष कोणाला द्यायचा?

पोट बिघडले, की आपण शेवटच्या खाण्याला दोष देतो. तो बरेचदा चुकीचा असतो. जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या उलट्या काही तासांत सुरू होतात. साल्मोनेलाचे जुलाब सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही होऊ शकतात. विषमज्वर दिसायला एक ते तीन आठवडे लागू शकतात आणि हिपॅटायटिस ‘अ’ची कावीळ सरासरी चार आठवड्यांनी दिसते. पावसाळ्यात झालेल्या काविळीचे मूळ महिन्यापूर्वीच्या एखाद्या ग्लासात असू शकते. त्यामुळे ‘कालपर्यंत काही झाले नाही’ हा त्या गाडीच्या स्वच्छतेचा पुरावा नव्हे.

जुलाब सुरू झाले, की पहिले औषध म्हणजे जलसंजीवनी. ओआरएसचे पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट-घोट प्यावे. अर्धे पाकीट किंवा अंदाजाने पाणी चालत नाही, कारण क्षार आणि साखर यांचे प्रमाणच इथे काम करते. मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत. शौचातून रक्त जाणे, खूप ताप, लघवी जवळजवळ बंद होणे, पाणीही पोटात न टिकणे, हातापायांत अशक्तपणा किंवा मुंग्या येणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये, डॉक्टरांकडे जावे. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना तर लवकरच न्यावे.

रोज बाहेर खाणाऱ्याने विषमज्वराच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. नव्या प्रकारची ही लस २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांना मोहीम काढून दिली होती. सरकारी पातळीवरचा जगातील तो पहिला असा प्रयत्न होता. हिपॅटायटिस ‘अ’वरही लस उपलब्ध आहे.

गाडीवाल्याची बाजू

हे सगळे वाचून विक्रेत्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे. पण ज्या पदपथावर नळ नाही आणि जवळपास स्वच्छतागृह नाही, तिथे हात कुठे धुवायचे? २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांना अधिकृत जागा आणि ओळख देण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. रस्त्यावरचे खाणे सुधारता येते, याचे उदाहरण अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी आहे. तिथले खाऊचे ठेले २०१८ मध्ये देशातील पहिले ‘स्वच्छ स्ट्रीट फूड हब’ म्हणून प्रमाणित झाले. विक्रेत्यांना प्रशिक्षण, पिण्याचे पाणी आणि कचऱ्याची सोय असेल, तर त्याच किमतीत चांगले खाणे मिळू शकते. बोईसर, पालघरच्या स्टेशनबाहेर आणि औद्योगिक वसाहतीच्या फाटकांवर एक-एक पाण्याचा नळ दिला, तर तो रुग्णालयाचा कितीतरी खर्च वाचवेल.

तोवर आपल्या हातात असलेली गोष्ट म्हणजे निवड. आठवडाभर वेगवेगळ्या गाड्या पाहून दोन-तीन चांगल्या हेरून ठेवाव्यात. पैसे घेणारा आणि पदार्थ देणारा हात वेगळा आहे का? हातमोजे घातले असले, तरी त्याच मोज्यांनी नोटा मोजल्या जात असतील, तर त्यांचा उपयोग नाही. अन्न झाकलेले आहे का, ताटल्या कशात विसळतात, अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक लावला आहे का, हेही दिसते. अशी गाडी सापडली, की तिचे नेहमीचे गिऱ्हाईक व्हावे. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ‘दादा, गरम घाण्यातला द्या, चटणी सुकी द्या’ असे हक्काने सांगता येते. आणि स्वच्छतेकडे लक्ष देणारी गिऱ्हाइके वाढली, की शेजारचा गाडीवालाही दुसऱ्या दिवशी परातीवर झाकण ठेवू लागतो.